शेवटणे म्हणजे संपवणे नव्हे

आमच्या आजीचे खुरपे कांदा खुरपून खुरपून झिजले. बाबा म्हणाले, "टाक मोडीत. बेल्ह्याच्या बाजारातून नवं आणतो." आजी म्हणाली, "नको, शेवटून आण." मला वाटले, शेवटणे म्हणजे शेवट करणे. मी विचारले, "आजी, तूपण संपवायलाच सांगतेस?" ती खूप हसली.

मी बाबांबरोबर लोहारमामांकडे गेलो. त्यांनी खुरपे भट्टीत लालभडक केले. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. एवढे तापवायचे नसते, फक्त मऊ करायचे. मग ऐरणीवर ठोकून धार काढली आणि पाणी दिले. चर्र आवाज झाला! पाणी दिल्याने पाते कडक होते.

कोणी म्हणेल, घरीच दगडावर घासावे. पण घासून पाते आणखी झिजते. ठोकून ते पुन्हा पुढे येते. शेवट म्हणजे टोकसुद्धा. ते नीट करणे म्हणजे शेवटणे. विळा, कुदळ, पहार, नांगराचा फाळही शेवटतात.

नवे खुरपे मिळेल, पण आजीचे बोट वाकडे आहे. जुनी मूठच तिच्या हाताला बसते. नव्या मुठीने फोड येतात.

लोहारमामा म्हणाले, "आता अवजारं कमीच येतात." भाता बंद पडला तर आपण कुठे जायचे? म्हणून माझे मत असे की, आधी शेवटावे, मगच नवे घ्यावे. पालकांनो, घरी गेल्यावर आपली गंजलेली अवजारे जरूर बघा.

— इयत्ता ४ थी