प्रचाराचे दिवस

निवडणुकीचा प्रचार जितका लवकर आटोपेल तितका बरा, असे आम्हांलाही पुष्कळ वर्षे वाटत आले. भोंग्यांना विटलेल्या माणसाला जपानचा हेवा वाटावा हे साहजिकच. तेथे कनिष्ठ सभागृहासाठीचा अधिकृत प्रचार अवघे १२ दिवस चालतो. २०२४ मध्ये तो १५ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २७ तारखेला मतदान झाले. पण या बारा दिवसांत होते काय? मते मागण्यासाठी घरोघरी जाण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. म्हणून उमेदवार गाडीवर भोंगा लावून सकाळी ८ ते रात्री ८ आपलेच नाव घोकत फिरतो. (म्हणजे भोंगा तेथेही चुकला नाहीच!) ज्याचे नाव आधीच सर्वतोमुखी आहे त्याला एवढे पुरते. नवख्याने काय करावे?

याउलट अमेरिकेत जिमी कार्टर यांनी डिसेंबर १९७४ मध्ये उमेदवारी जाहीर केली, तेव्हा जॉर्जियाबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. आयोवात ते महिनोन्महिने हिंडले, आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. बारा दिवसांत हे घडते ना.

लांबलेला प्रचार धनवंतांच्याच पथ्यावर पडतो, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही. मात्र तो दोष दिवसांचा नव्हे. १९७६ च्या अंतिम लढतीत कार्टर आणि फोर्ड या दोघांनीही सरकारी निधी घेऊन खर्चाची मर्यादा पत्करली होती. हा निधी नाकारणारे पहिले प्रमुख उमेदवार बराक ओबामा, २००८ मध्ये.