मान वाकडी झालेली कोंबडी

कालपर्यंत घरभर दाणे टिपत हिंडणारी कोंबडी सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात बसलेली दिसते. मान पिळवटलेली, चोच आभाळाकडे. दाणा टिपायला जावे तर चोच भलतीकडेच पडते, उठायला जावे तर ती मागच्या मागे कोलमडते. मुले रडवेली होतात आणि शेजारी सांगतात, "आता कापून टाका."

हा सल्ला मानण्याची घाई करू नये. मात्र मान कशामुळे वाकडी झाली हे आधी पाहायला हवे.

आपल्याकडे खेड्यात 'मानमोडी' म्हणतात तो राणीखेत रोग. तो विषाणूमुळे होतो, झपाट्याने पसरतो. त्याला प्रतिबंधक लस आहे, औषध नाही. हिरवट हगवण, चोच उघडी टाकून धापा, एकाएकी बंद झालेली अंडी, एकापाठोपाठ मरणारे पक्षी ही त्याची चिन्हे. उत्तर कोलकात्यात गच्चीवर कबुतरे पाळण्याची हौस जुनी आहे. तिथे तर अधिकच जपायला हवे, कारण याच कुळातला विषाणू कबुतरांचीही मान पिळवटतो. शिवाय जानेवारी २००८ मध्ये बीरभूम जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला होता, हे बंगालमधील कोंबडी पाळणारे विसरलेले नाहीत. म्हणून मान वाकडी दिसताच पक्षी वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत आणि पशुवैद्याला विचारावे. कोलकात्यात बेलगाछियाला १८९३ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९५ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. साथीचा संशय असेल तर कोंबडी टोपलीत घालून बसमधून नेण्याआधी तिथे चौकशी करावी हे बरे.

इतर पक्षी ठणठणीत आणि एकटीचीच मान वाकडी, असे असेल तर डोक्याला मार लागला का, कानात दोष आहे का, हे पशुवैद्य पाहतात. पण घरच्या कोंबडीच्या बाबतीत एक प्रश्न हमखास विचारावा: ती खाते काय? उत्तर पुष्कळदा 'उरलेला भात' असेच असते.

या भाताची एक गोष्ट आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जाई. कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या साधा, न सडलेला तांदूळ खाऊ लागल्या आणि बऱ्या झाल्या! कोंड्यातले जे तत्त्व सडताना निघून जात होते, तेच आजचे ब-१ जीवनसत्त्व. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्या आचाऱ्याला अर्थातच काही नाही. बंगालचा 'सिद्ध' तांदूळ किंवा कोकणातला उकडा यात हे जीवनसत्त्व बरेच टिकते, कारण सडण्यापूर्वी भात उकडताना ते दाण्यात मुरते. तरी नुसता भात हे कोंबडीचे अन्न नव्हे.

ब-१ कमी पडले की कोंबडीचे डोके मागे ओढले जाते. कारण तेच असेल तर औषधाने लवकर फरक दिसू लागतो. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमही देतात. मात्र सेलेनियम जास्त झाले तर विष, तेव्हा मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

खरी कसोटी असते भरवण्याची. वाकडी मान हिसका देऊन कधीही सरळ करू नये. तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे, डोक्याला तळव्याचा अलगद आधार द्यावा आणि भिजवलेले खाद्य चोचीपाशी धरावे. पाणी घशात ओतू नये, ते श्वासनळीत जाते. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा, ती आपणच गिळते. खोल भांडे जवळ ठेवू नये, त्यात डोके पडून ती बुडू शकते. टॉवेलचे चुंबळीसारखे वेटोळे करून त्यात बसवली की ती उलटत नाही. रोज वजन करावे, डोळ्यांचा अंदाज पिसांमुळे फसतो.

मार लागला असेल तर आठवडेही लागतात. काहींची मान थोडी तिरकी राहते, तरी त्या खातात, अंडीही घालतात. उपचार करूनही वजन घटतच गेले आणि गिळणे थांबले, तर तिला वेदनारहित मरण देण्याविषयी पशुवैद्याशी बोलावे. बरी झालेली मात्र एकदम कळपात सोडू नये. बाकीच्या कोंबड्या दुबळीला टोचतात, म्हणून पहिले काही दिवस मध्ये जाळी ठेवून शेजारीशेजारी दाणे टाकावेत.