दप्तरात राहिलेली आणि ट्रंकेत राहिलेली पत्रे

पत्रवाङ्मय शिकवताना आम्ही वर्गात थोरांचीच पत्रे काढतो. नावामुळे जपले गेलेले पत्र गुणांमुळे टिकले, असा उलटा समज त्यातून विद्यार्थ्यांचा आणि खरे तर आमचाही होत आला आहे. या समजाला धक्का देणारा एक पत्रसंग्रह अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांमधला आहे.

व्हर्जिनिया राज्यात ब्लू रिजच्या माथ्यावर शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान करण्यासाठी १९२८ साली सरसकट भूसंपादनाचा कायदा झाला. १९३५ च्या अखेरीस उद्यान अस्तित्वात आले. सुमारे पाचशे कुटुंबांना घरे सोडावी लागली. जाण्याआधीचा काही काळ त्यांना परवान्यावर राहता येत होते. त्या काळात त्यांनी अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. उभे पीक काढून नेऊ का? ओस पडलेल्या घराच्या खिडक्या काढल्या तर चालतील का? शेजाऱ्याविरुद्ध कागाळ्याही आहेतच. दुःखात माणसे एकदम उदात्त होतात असे थोडेच आहे! १९३४ ते १९३८ मधली अशी सुमारे तीनशे पत्रे उद्यानाच्या दप्तरात राहिली. कॅट्रीना पॉवेल यांनी २००९ मध्ये ती 'आन्सर अ‍ॅट वन्स' या नावाने संपादित केली.

याच डोंगरातील माणसांना १९३३ च्या 'हॉलो फोक' या पुस्तकाने जगापासून तुटलेली, मागासलेली ठरवले होते. त्या ठपक्याला या पत्रांइतके चोख उत्तर दुसरे नाही. अक्षरओळख जेमतेम असेल, पण कोणाला, कोणत्या सुरात, काय मागावे याचे भान पक्के आहे. विनवणी कुठे संपवावी आणि हक्काची भाषा कुठे सुरू करावी, हे त्यांना कोणी शाळेत शिकवले नव्हते.

अशा पत्रांचे शुद्धलेखन 'सुधारून' छापावे, असा सल्ला सद्भावनेने दिला जातो. लिहिणाऱ्याचे हसे होऊ नये, ही त्यामागची काळजी आम्हाला समजते. तरीही तो सल्ला आम्हाला मान्य नाही. कानाला जसे ऐकू आले तसे लिहिणाऱ्याच्या चुकीतच त्याची बोली शाबूत असते. अ‍ॅपलाचियन इंग्रजीचे कोशकार मायकल माँटगोमेरी यांनी अमेरिकी यादवी युद्धातील अर्धशिक्षित सैनिकांच्या पत्रांकडे वळावे, ते याचसाठी. ती पत्रे नीटनेटकी करून ठेवली असती, तर त्यांना तिथे शोधण्यासारखे काय उरले असते?

मात्र शेनांडोआची पत्रे टिकली ती सरकारी फायलीत गेली म्हणून. त्याच माणसांनी बहिणीला, दूर कामाला गेलेल्या मुलाला जे लिहिले, त्याला फाइल नव्हती. ते ट्रंकेत राहिले, नाहीतर चुलीत गेले. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून 'साधने' छापली ती घरोघरची दप्तरे धुंडाळून. पण दप्तर असणारी घरे कोणती होती, हे आपण क्वचितच विचारतो.

मग ट्रंकेतले कागद ठेवावेत कुठे? जुलै २०२२ च्या पुरात पूर्व केंटकीतील हिंडमन सेटलमेंट स्कूल आणि व्हाइट्सबर्ग येथील अ‍ॅपलशॉप या दोन जुन्या संस्थांचे संग्रह पाण्याखाली गेले. भिजलेला कागद बुरशी धरण्याआधी गोठवावा लागतो. त्याला उसंत नसते. तेव्हापासून आम्हाला वाटते की प्रती दूरच्या विद्यापीठात अवश्य असाव्यात. मूळ पत्रे मात्र डोंगरातच, पण पाण्याच्या पातळीच्या वर असावीत. आजीची पत्रे माणसे ओळखीच्या दारातच आणून देतात, तीनशे मैलांवरच्या अनोळखी खिडकीशी नाही.

आणि देताना बहुतेक जण पाकिटे फेकून नुसती पत्रे देतात. ती पाकिटेही मागून घ्यावीत. उठून गेलेल्या वस्तीच्या टपालघराचा शिक्का कधीकधी तेवढ्यावरच उरलेला असतो.