बोलका डबा

घाटकोपर स्टेशनबाहेर किंवा अंधेरीच्या भाजीगल्लीत पाच मिनिटे उभे राहा. 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असे कुणी ना कुणी ओरडतेच. ओरडणारा माणूस नसतो, केळ्यांशेजारी ठेवलेला छोटासा डबा असतो. २०२३ साली फोनपेने त्यात अमिताभ बच्चन यांचा आवाज आणला. ती आम्हाला नुसती हौस वाटते. खरी करामत आत आहे.

डब्यात स्वतःचे सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरकडून थेट तिथे येतो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काय दिसते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. २०१६ साली यूपीआय आले आणि मागोमाग खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारेही आले. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची झुंबड, दोन्ही हात फळे कापण्यात गुंतलेले. अशा वेळी मोबाइल उघडून खाते कोण तपासणार? वाचता न येणाऱ्या भाजीवाल्या खालांना तर कान हाच हिशेब.

मात्र कुणी गुपचूप दुसराच क्यूआर वर चिकटवला, तर पैसे त्याच्या खात्यात जातात आणि डबा मुकाच राहतो. म्हणून गाडी लावताना स्टिकर नखाने खरवडून पाहावा. गिऱ्हाइकानेही पिन टाकण्याआधी पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचावे. दुकानदार लगेच सांगेल, आपलेच की परक्याचे. नेटवर्क रेंगाळले तर डबाही उशिरा बोलतो. तेवढा वेळ थांबावे, चाचांना खोटे पाडायची घाई नको.