अंध-अपंगांचा विमानप्रवास : सवलत कोणाची, जबाबदारी कोणाची?

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाच्या ताब्यात गेली, तेव्हा कर्जाचा डोंगर, विमानांची संख्या आणि महाराजाचे बोधचिन्ह या सगळ्यांची चर्चा झाली. अंध आणि तीव्र अस्थिव्यंग असलेल्या प्रवाशांना मूळ भाड्यात मिळणाऱ्या ५० टक्के सवलतीचे यापुढे काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात बाजूलाच राहिला. ही सवलत कोणत्या कायद्याने नव्हे, तर सरकारी कंपनीच्या धोरणाने आली होती. कंपनी सरकारी राहिली नाही, तेव्हा सवलत देणे, न देणे वा कमी करणे हा व्यापारी निर्णय ठरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थ्यांची सवलत ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणून नव्या व्यवस्थापनाने आपली दिशा स्पष्ट केली.

या सवलतीचा इतिहास पाहण्याजोगा आहे. इंडियन एअरलाइन्स अंध प्रवाशांना निम्म्या भाड्यात नेत असे. चाकाच्या खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्यांना मात्र पूर्ण भाडे पडे. या भेदभावाविरुद्ध जावेद अबिदी सर्वोच्च न्यायालयात गेले. ते स्वतः चाकाची खुर्ची वापरत. कंपनीने आपली आर्थिक विवंचना पुढे केली. १७ डिसेंबर १९९८ रोजी न्यायालयाने ८० टक्के वा त्याहून अधिक अस्थिव्यंग असलेल्यांनाही अंधांप्रमाणेच सवलत द्यावी, असा आदेश दिला. त्याच वेळी सर्वच प्रकारच्या अपंगत्वाला ती लागू करण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातच आर्थिक कुवतीची मर्यादा घातलेली होती. हा निकाल क्रांतिकारक होता खरा, पण तो एका सरकारी कंपनीपुरता होता. खासगी कंपन्यांवर त्याचे बंधन आले नाही आणि पुढच्या दशकात भारतीय आकाश खासगी कंपन्यांनीच व्यापले.

शिवाय सवलत होती ती मूळ भाड्यावर. इंधन अधिभार, विमानतळ शुल्क आणि कर यांना ती लागू नव्हती. उदाहरणादाखल, पाच हजारांच्या तिकिटात मूळ भाडे तीन हजारांचे असेल, तर प्रवाशाचे प्रत्यक्षात दीड हजार वाचत; म्हणजे ५० टक्क्यांचे ३० टक्केच उरत. २००३ नंतर स्वस्त विमानसेवांचे युग आले आणि पूर्ण भाड्याच्या निम्मी रक्कम अनेकदा खासगी कंपनीच्या स्वस्त तिकिटापेक्षा जास्त भरू लागली. तेव्हा एअर इंडियाच्या खासगीकरणाने अपंगांचे सर्वस्व गेले, असे मानण्याचे कारण नाही. सवलत आधीपासूनच झिजत आली होती.

कोल्हापूरच्या दृष्टीने हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अधिक जवळचा झाला आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेल्या उजळाईवाडीच्या विमानतळाने वर्षानुवर्षे बंद सेवांचेच दिवस अधिक पाहिले. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या 'उडान' योजनेतून मुंबईचे विमान पुन्हा सुरू झाले. पुढे हैदराबाद, बंगळूर, तिरुपती अशी शहरे जोडली गेली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटनही झाले. ही चैनीची बाब नव्हे. डोळ्यांच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत जाणारा रुग्ण किंवा मुंबईत मुलाखतीला निघालेला अंध पदवीधर यांच्यासाठी विमानाचा एक तास आणि रेल्वेची एक रात्र यांत मोठे अंतर आहे. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला रेल्वेच्या डब्यातील शौचालयात चाकाची खुर्ची नेता येत नाही. मग प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडायचे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

आणि अपंगांच्या प्रश्नांविषयी कोल्हापूर अनभिज्ञ आहे, असेही नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये येथे 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. अपंगांना दया नको, रस्ता हवा, ही गोष्ट या शहराला सांगून झालेली आहे.

तो रस्ता विमानतळावर कसा असतो? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम कागदावर बरेच चांगले आहेत. २००८ पासून ते अस्तित्वात आहेत आणि वेळोवेळी सुधारले गेले आहेत. तिकीट काढलेला अपंग प्रवासी विमानतळावर पोहोचून आपली नोंद देतो, तेथून विमानापर्यंत आणि उतरल्यावर विमानतळाच्या बाहेरच्या दारापर्यंत त्याला नेण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे आणि त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत. मदतीची पूर्वसूचना ४८ तास आधी देणे अपेक्षित आहे. केवळ चढण्या-उतरण्याची मदत हवी असणाऱ्याकडे वैद्यकीय दाखला मागता येत नाही. सुरक्षेच्या सूचना अंध प्रवाशाला स्वतंत्रपणे तोंडी समजावून द्यायच्या असतात.

नियम चांगले असूनही प्रसंग घडत राहिले. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी मेंदूचा पक्षाघात असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष यांना कोलकात्यात स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेने गोव्यात भरवलेल्या परिषदेला त्या निघाल्या होत्या. त्यांच्यासह 'अडॅप्ट'ही न्यायालयात गेली आणि १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मे २०२२ मध्ये रांचीत एका अपंग मुलाला इंडिगोने विमानात घेतले नाही. पाच लाखांचा दंड झाला आणि त्यानंतर नियम बदलला. अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही, प्रकृतीविषयी शंका असल्यास डॉक्टरांचे स्पष्ट मत घ्यावे लागेल, असे ठरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर दोन खुर्च्या आगाऊ सांगूनही एका वृद्ध दाम्पत्याला एकच मिळाली. पत्नीला खुर्चीवर बसवून मागोमाग चालत निघालेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ कोसळले आणि दगावले. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला.

हे सारे मोठ्या विमानतळांवर घडले, जेथे माणसे आणि साधने यांची तुलनेने रेलचेल असते. लहान विमानतळाचे गणित वेगळे. एटीआरसारख्या विमानाला हवाईपूल लागत नाही. प्रवासी धावपट्टीलगतच्या मोकळ्या जागेतून चालत जातात आणि मागच्या दारातून मोजक्या पायऱ्या चढतात. धडधाकट माणसाला त्या पायऱ्या जाणवतही नाहीत. मात्र चढउतार यंत्र किंवा खुर्ची थेट वर नेणारा उतार नसेल, तर तेथे माणसाला उचलूनच न्यावे लागते. अपंग प्रवाशाने सोयीसाठी पुढचे आसन मागितले, तर दार मागे असल्याने तेच सर्वांत लांबचे ठरते. हे आरक्षण करताना कोणी सांगत नाही.

अंध प्रवाशाची तऱ्हा आणखी निराळी. विमान कंपन्यांच्या संगणकात मदतीचे वेगवेगळे संकेत असतात : लांब चालू न शकणारा, पायऱ्या चढू न शकणारा, आसनापर्यंतही चालू न शकणारा, आणि अंध. प्रत्यक्षात मात्र या सगळ्यांवर एकच तोडगा काढला जातो, तो म्हणजे खुर्ची. ज्याला फक्त कोणाच्या तरी कोपराचा आधार हवा, त्या धडधाकट पायांच्या माणसाला बसवून ढकलत नेले जाते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ते सोपे असते, आणि खुर्चीत बसवून ठेवलेला माणूस कोठे जात नाही, हाही त्यातला एक फायदा असावा. खुर्ची ज्यांना खरोखर हवी, त्यांच्यासाठी ती मग कमी पडते.

अशा मदतीवर विसंबून घरच्यांनी अंध माणसाला एकट्याने पाठवावे कसे? नियमाने साथीदाराची सक्ती नाही, पण अविश्वासामुळे ती आपोआप होते. भाऊ, मुलगा किंवा शेजारी सोबत निघतो आणि एका प्रवासाला दोन तिकिटे पडतात. म्हणजे निम्म्या भाड्याची सवलत पूर्ण मिळाली, तरी खर्च दीडपट होतो. भाड्यातील सवलत आणि विमानतळावरील मदत हे दोन विषय वेगळे मानले जातात. प्रवाशाच्या खिशाच्या दृष्टीने ते एकच आहेत. रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. अंध प्रवाशाला शयनयान आणि तिसऱ्या वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत आहे आणि साथीदारालाही तेवढीच. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या, तेव्हाही अपंगांच्या चार प्रवर्गांची सवलत कायम ठेवली.

कॅनडाने याच दुसऱ्या तिकिटावर बोट ठेवले. तेथील परिवहन नियामकाने जानेवारी २००८ मध्ये 'एक व्यक्ती, एक भाडे' असा निर्णय दिला : अपंगत्वामुळे ज्याला साथीदाराची गरज आहे, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात साथीदाराचे भाडे घ्यायचे नाही. एअर कॅनडा आणि वेस्टजेट यांनी विरोध केला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दाद ऐकून घेण्यास नकार दिला आणि २००९ पासून निर्णय अमलात आला. प्रवासी स्वतःचे भाडे पूर्ण देतो. अपंगत्वाचा अधिभार तेवढा भरत नाही. युरोपीय महासंघाने २००६ च्या नियमानुसार मदतीची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्या संस्थेवर टाकली आणि तिचा खर्च सर्व प्रवाशांच्या संख्येवर वाटून कंपन्यांकडून वसूल केला. दिवसाला मोजकी विमाने असलेल्या ठिकाणी प्रत्येक कंपनीने आपापले साहित्य व माणसे ठेवण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची आहे.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक संचाराच्या योजना आखणे, त्यात सवलती आणि प्रवासातील मदत देणे हे सरकारचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. ते विमान कंपनीवर सोपवलेले नाही. एअर इंडिया विकताना सरकारने कंपनी विकली. हे कर्तव्य विकता येणारे नव्हते. पैसा कोठून आणायचा, याचे उत्तरही 'उडान'नेच दिले आहे. प्रमुख मार्गांवरील उड्डाणांकडून ठरावीक आकार घेऊन प्रादेशिक जोडणी निधी उभारला जातो, त्यात राज्यही आपला वाटा घालते आणि त्यातून तोट्याच्या मार्गावरील कंपनीला मदत होते. कोल्हापूरच्या सामान्य प्रवाशाला काही वर्षे स्वस्तात जागा मिळाली, ती याच निधीतून. गाव लहान आहे म्हणून तिकिटामागे पैसे देता येत असतील, तर डोळे नाहीत म्हणून का नाही? या निधीचा अल्पसा भाग साथीदाराच्या भाड्यासाठी राखून ठेवता येईल. कंपन्यांचे नुकसान होणार नाही आणि सवलत कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. खोट्या प्रमाणपत्रांची भीती आहेच, पण अपंगत्वाचे केंद्रीय ओळखपत्र आता संगणकावर पडताळता येते.

तोवर स्थानिक पातळीवर करण्याजोगे बरेच आहे. खासदारांच्या अध्यक्षतेखालील विमानतळ सल्लागार समितीपुढे नव्या मार्गांचे आणि वेळापत्रकाचे विषय नेहमी येतात. त्यांच्याबरोबर आणखी काही प्रश्न यावेत. टर्मिनलपासून विमानाच्या पायरीपर्यंतच्या टप्प्यासाठी चढउतार यंत्र वा उतार आहे का, तो सर्व कंपन्यांना खुला आहे का, अंध प्रवाशाला हात देऊन नेण्याचे प्रशिक्षण किती कर्मचाऱ्यांना मिळाले आणि गेल्या वर्षभरात ४८ तास आधी नोंदवलेल्या किती मागण्या प्रत्यक्षात पुरवल्या गेल्या? ही माहिती विमानतळाच्या दर्शनी फलकावर दर तिमाहीस लावली जावी, आणि ती अंधांना वाचता येईल अशा स्वरूपातही मिळावी.