'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणजे काय रे भाऊ?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्या रोगांवर एकच औषध चालतं: 'फॉरमॅट मारावं लागेल.' या वाक्याची मला मनापासून चीड आहे.

चितेगावला, पैठण रोडवर, ओळखीच्या एका गृहस्थांचं लहानसं वर्कशॉप आहे. एके सकाळी पासवर्ड टाकला की 'यूजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन' म्हणत विंडोज त्यांना दारातूनच परत पाठवू लागलं. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला. फॉरमॅट. आणि डेटा? "जाईल." सहा वर्षांची बिलं, चलनं, ड्रॉइंग्ज, सगळं त्या एका शब्दात!

आता खरा घोळ बघा. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. त्यात 'प्रोफाइललिस्ट' नावाच्या जागी प्रत्येक खात्याची नोंद असते. ती बिघडली की बऱ्याचदा एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसतात, एक साधी आणि एक शेवटी '.बॅक' लागलेली. दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून किंवा सेफ मोडमधून शिरायचं, रजिस्ट्रीची प्रत काढायची, साध्या नोंदीचं नाव बदलायचं, दुसरीचं '.बॅक' काढायचं, 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' शून्य करायचे, रीस्टार्ट. अर्ध्या तासात काम झालं. फायली 'यूजर्स' फोल्डरमध्ये जागच्या जागी होत्या. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर माणूस दुरुस्तीचा अर्ज करतो, शेतावर बुलडोझर नाही फिरवत!

हे काही नवीन नाही. एक्सपीच्या काळात लॉगिन होताच लॉगऑफ व्हायचं, आठवतंय? व्हायरसने 'विनलॉगऑन'मधली 'यूजरइनिट'ची नोंद बदललेली असायची. अँटीव्हायरस व्हायरसची फाइल उडवायचा, नोंद मात्र तशीच राहायची. तेव्हाही उपाय एका ओळीचा होता, आणि तेव्हाही फॉरमॅटच मारलं जायचं.

मायक्रोसॉफ्टही धुतल्या तांदळासारखं नाही. रजिस्ट्रीची आपोआप होणारी नक्कल, 'रेगबॅक', त्यांनी विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून बंद केली. कारण काय, तर डिस्कवरची जागा वाचावी!

दुरुस्तीवाल्यांची बाजूही ऐकली आहे. म्हणतात, फॉरमॅटला वेळ कमी लागतो, गिऱ्हाईक थांबत नाही. मान्य. कधी कधी फॉरमॅटला खरंच पर्याय नसतो, हेही मान्य. पण लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून आधी डेटा काढून घ्यायला कोणी अडवलंय? (बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लागते. ती आजच कागदावर लिहून ठेवा.)

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी 'फॉरमॅट' म्हणालं तर दोन प्रश्न विचारा. नेमकं काय बिघडलंय? आणि डेटा आधी काढणार का? उत्तर मिळालं नाही तर मशीन उचला आणि घरी या.