रिंग वाजते, पण कुठे?

ऑफिसमध्ये काही बिघडलं की आधी माणूस शोधला जातो, वायर नंतर. आमच्याकडे २००६ साली अगदी हेच झालं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ॲडमिन सांभाळत होते. बाहेरच्या आठ लाइन्स, एक ईपीएबीएक्स आणि रिसेप्शनवर ताई. दोन आठवडे क्लायंट्सची एकच रड : "तुमच्याकडे सकाळी फोन कुणी उचलतच नाही हो!" ताईंचं म्हणणं, "मॅडम, शपथ, रिंगच वाजली नाही." आता सांगा, समोरच्याच्या कानात ट्रिंग ट्रिंग चाललंय आणि या म्हणतात वाजलीच नाही. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं? मी क्लायंटचं ऐकलं. मेमो टाइप केला, प्रिंटही काढली. फक्त साहेबांची सही बाकी होती.

(ऑपरेटरवर संशय घ्यायची परंपरा तशी जुनी. अमेरिकेत कॅन्सस सिटीतला आल्मन स्ट्रोजर अंत्यसंस्काराची कामं घ्यायचा. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असं त्याला वाटायचं म्हणे. त्यानं ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं. १८९१ मध्ये पेटंटही मिळवलं. मी आपली मेमोवर भागवत होते.)

त्याच दुपारी एएमसीचा मुलगा कुणाचं तरी एक्स्टेन्शन दुरुस्त करायला आला. त्याच्या कानावर घातलं. त्यानं एकच विचारलं, "तक्रार कधीची? अकरा ते एकमधली?" मी चाट! "मग एकेक ट्रंक चेक करू," तो म्हणाला.

ट्रंक म्हणजे आपल्या ईपीएबीएक्सला बाहेरच्या एक्स्चेंजशी जोडणारी लाइन. माझी समजूत अशी, की शून्य दाबा, टोन आला की लाइन्स ओके. पण शून्य दाबलं की सिस्टिम मोकळी असेल ती लाइन देते. आमची शेवटून द्यायची, आठवी, सातवी, सहावी. इनकमिंग पहिलीपासून येतं ना, दोघांची टक्कर नको म्हणून. त्यामुळे तिसरीपर्यंत आमच्यापैकी कुणी क्वचितच पोचायचं.

त्यानं प्रत्येक लाइनचा वेगळा कोड दाबून आठही पकडल्या. एकेकीवरून माझ्या मोबाइलवर फोन, स्क्रीनवर नंबर उमटला की यादीत टिक. तिसरीला टोनच नाही. मग त्यानं मला तिसरीचा नंबर मोबाइलवरून लावायला सांगितला. माझ्या कानात मस्त रिंग, आणि समोर रिसेप्शनवर शुकशुकाट! ताई माझ्याकडे बघत होत्या. मी यादीकडे.

गंमत अशी, की ती रिंग आपल्या ऑफिसातून येतच नाही. ती एक्स्चेंज ऐकवतं. लाइनच्या या टोकाला फोन आहे की नुसती तुटकी वायर, हे त्याला कळत नाही. आणि आमचं हंटिंग होतं : पहिली लाइन बिझी असेल तर कॉल दुसरीवर, तीही बिझी तर तिसरीवर. पण डेड लाइन बिझी नसते हो, एक्स्चेंजच्या लेखी ती मोकळीच! म्हणजे गर्दीच्या वेळी पहिल्या दोन अडकल्या की पुढचा प्रत्येक कॉल तिसरीच्या विहिरीत. चौथीपासून आठवीपर्यंत पाच लाइन्स ठणठणीत, पण कॉल तिथवर जाणार कसा?

मग त्यानं भिंतीवरचा डबा उघडला, आमच्या बाजूची जोडी काढली आणि एक्स्चेंजकडून आलेल्या तारांना आपला टेस्टिंगचा फोन चिमट्यांनी लावला. खणखणीत टोन. म्हणजे बाहेरचं सगळं ठीक, दोष आमच्याच भिंतीत. एसी बसवताना कुणीतरी वायर खेचली होती. दहा मिनिटांचं काम!

आता बऱ्याच ऑफिसांत पीआरआय असते, एकाच लाइनवर ३० कॉल. नाहीतर सगळं इंटरनेटवरूनच. तरी एक करून बघाच. ऐन गर्दीच्या वेळी चार-पाच जणांनी ऑफिसबाहेर जाऊन एकदमच बोर्ड नंबर लावा, आणि आत किती वाजले ते रिसेप्शनला मोजायला सांगा. तुमच्या कानातल्या रिंगवर जाऊ नका.

मेमोची फाइल मी त्याच संध्याकाळी डिलीट केली, प्रिंट फाडली. ताईंना काही बोलले नाही. दोन वर्षांनी त्यांच्या सेंड-ऑफला, समोसे खाताना त्या सहज म्हणाल्या, "मॅडम, तो प्रिंटर माझ्याच टेबलाशेजारी होता."